छोट्या ऑफिसचं नेटवर्क: इंटरनेटचा प्लॅन वाढवण्याआधी वायर बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात जॉबवर्कचं युनिट. पुढे पहिल्या मजल्यावर साधारण ६०० चौरस फुटांचं ऑफिस, मागे शेड. ऑफिसात आठ कॉम्प्युटर, दोन प्रिंटर, चार आयपी कॅमेरे. शेडमध्ये स्टोअरचा एक कॉम्प्युटर आणि बोटाच्या हजेरीचं मशीन. हे सगळं इंटरनेटवाल्याने दिलेल्या एकाच राउटरच्या वायफायवर चालतं. हिशेबाचं सॉफ्टवेअर टॅली मध्येच अडकतं, प्रिंटर ‘ऑफलाइन’ दाखवतो, शेडमधला कॉम्प्युटर सारखा तुटतो. १०० एमबीपीएसचा प्लॅन ३०० चा करावा का?

नका करू. टॅलीचा डेटा तुमच्याच ऑफिसातल्या एका मशीनवर आहे. तो शेजारच्या टेबलावर यायला इंटरनेटच्या वाटेने जातच नाही. इंटरनेट पूर्ण बंद असलं तरी टॅली आणि प्रिंटर चालले पाहिजेत, आणि चालत नसतील तर दोष घरातल्या जोडणीत आहे.

वायफायवर एका चॅनलवर एका वेळी एकच यंत्र बोलू शकतं. एकच माइक दहा जणांत फिरवावा तसं. त्यात शेजारपाजारच्या गाळ्यांतले राउटर त्याच चॅनलवर बसलेले. ब्राउझरला याचं फारसं काही वाटत नाही, पान आलं नाही तर तो पुन्हा मागतो. टॅली मात्र नेटवर्कवरून डेटाची फाइल उघडून धरतं आणि तिच्यात सतत बारीक बारीक लिहीत-वाचत असतं. मधे दोन-चार सेकंद जोडणी तुटली की फाइलवरचा हात सुटतो, एरर येते, आणि वाईट वेळ असली तर डेटा रिपेअर करत बसावं लागतं. म्हणून नियम एकच ठेवा: जे जागेवरून हलत नाही त्याला वायर. वायफाय मोबाईलला, लॅपटॉपला आणि आलेल्या गिऱ्हाइकाला.

सामान आणण्याआधी कागदावर ऑफिसचा आराखडा काढा आणि प्रत्येक टेबलाजवळ दोन पॉइंट धरा. दुसरा पॉइंट आज लागत नाही, पण भिंतीवर पट्टी बसल्यावर एक वायर वाढवायची मजुरी तेव्हाच्या वायरच्या कितीतरी पट होते. आठ टेबलांचे १६, प्रिंटरचे २, कॅमेऱ्यांचे ४, छतावरच्या वायफाय ॲक्सेस पॉइंटचा (वायफाय पसरवणारा डबा) १ आणि एक शिल्लक, असे २४. रॅक (सगळ्या केबल जिथे येतात ते कपाट) ऑफिसच्या मधोमध असला तर सरासरी १४ मीटर धरून ३३६ मीटर होतात, वर दहा टक्के वाया. केबलचा बॉक्स ३०५ मीटरचा येतो, म्हणजे दोन बॉक्स. एकात भागवायचं म्हणून दुसऱ्या टेबलाला पाच पोर्टचा छोटा स्विच (एका केबलवर अनेक यंत्रं जोडणारा डबा) लावून काम भागवलं जातं, आणि वर्षभरात असे चार छोटे स्विच टेबलांखाली धूळ खात पडलेले दिसतात. अर्धी कटकट तिथूनच सुरू होते.

रॅक ६यू किंवा ९यू (यू हे रॅकच्या उंचीचं माप), भिंतीवरचा. एसीचं पाणी ठिबकेल तिथे नको, विजेच्या मुख्य बोर्डाला चिकटून नको. तुमचं ऑफिस वरच्या मजल्यावर आहे ते बरंच आहे. व्हीनस कॉर्नर, शाहूपुरी कुंभार गल्ली, लक्ष्मीपुरी या भागात तळमजल्यावर ऑफिस असणाऱ्यांनी २०१९ आणि २०२१ चं पाणी भिंतीवर कुठपर्यंत आलं होतं ते बघून त्याच्या वर रॅक आणि यूपीएस दोन्ही लावावेत. रॅक वर आणि यूपीएस जमिनीवर असं सर्रास दिसतं.

आता केबल. कॅट ६, पूर्ण तांब्याची, २३ गेजची. आत आठ तारा, दोन-दोनच्या पिळलेल्या चार जोड्या. बाजारात तिच्याच शेजारी जवळपास निम्म्या भावात एक बॉक्स मिळतो, त्याच्यावरही कॅट ६ लिहिलेलं असतं, पण आत ॲल्युमिनियमच्या तारेवर तांब्याचा मुलामा. तिला बाजारात सीसीए म्हणतात. ओळखायला सोपी आहे: एक तार ब्लेडने खरवडा, आत पांढरी चकाकी दिसली तर परत करा. बॉक्स उचलूनही कळतं, तांब्याचा बॉक्स चांगलाच जड असतो. मल्टीमीटर असेल तर ३० मीटर तुकड्याच्या एका टोकाला एकाच जोडीच्या दोन तारा एकमेकींना पिळा आणि दुसऱ्या टोकाला रोध मोजा. तांबं असेल तर चार-पाच ओहमच्या आसपास येतो, मुलाम्याची असेल तर सहा-सातच्या पुढे. ही केबल पहिल्या दिवशी चालते, म्हणूनच खपते. सहा महिन्यांनी पंच केलेल्या (दाबून बसवलेल्या) जागी तार मोडते, आणि त्याच केबलवरून कॅमेऱ्याला वीज द्यायची असेल तर व्होल्टेज वाटेतच पडतं.

पाइपमध्ये केबल कोंबू नका. कॅट ६ ची जाडी साधारण ६ मिलिमीटर. २० मिलिमीटर पाइपमध्ये तीन, २५ मध्ये पाच, बस. त्याहून जास्त घातल्या की ओढताना वळणावर केबल दबते आणि आतले पीळ हलतात. वळण द्यायचं ते केबलच्या जाडीच्या चौपट त्रिज्येचं, म्हणजे इंचभर तरी. कोपऱ्यात घडी घालून पट्टीचं झाकण ठोकायचं नाही. विजेच्या वायरीपासून वीस-तीस सेंटीमीटर अंतर ठेवून समांतर न्या; ओलांडायचीच असेल तर काटकोनात ओलांडा. वायरमन एकाच पट्टीत लाइट आणि नेटवर्क दोन्ही घालायला निघतो, त्याला आधीच सांगून ठेवा. जुन्या इमारतीत उंदीर असतील तर पट्टीऐवजी पाइपच.

केबल भिंतीवरच्या आय-ओ बॉक्समध्ये (नेटवर्कच्या सॉकेटमध्ये) संपवा आणि रॅककडे २४ पोर्टच्या पॅच पॅनलवर (सॉकेटांच्या पट्टीवर). तिथून पुढे तयार पॅच कॉर्ड (दोन्ही टोकांना जॅक असलेली छोटी वायर). भिंतीतल्या केबलला थेट जॅक मारून कॉम्प्युटरमध्ये घालायची पद्धत स्वस्त आहे, पण ती केबल एकसंध तारेची असते, सारखी हलली की तुटते. पॅच कॉर्ड बारीक तारांची असते आणि हलण्यासाठीच बनवलेली असते. रंगांचा क्रम दोन्ही टोकांना टी५६८बी: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. पीळ १३ मिलिमीटरपेक्षा जास्त सोडायचे नाहीत. नारिंगी, हिरवा, निळा, तपकिरी अशा जोड्या सरळ ओळीने लावणारे लोक भेटतात. ‘दोन्ही बाजूंनी सारखंच आहे ना’ हे त्यांचं म्हणणं. दिव्यांचा साधा टेस्टर त्याला पासही करतो, कारण तो फक्त तार पोचली का ते बघतो. पण ३ आणि ६ क्रमांकाच्या तारा एकाच पिळातल्या राहत नाहीत, आणि लिंक अडखळते किंवा १००० एमबीपीएसवरून (म्हणजे गिगाबिटवरून) १०० वर उतरते.

हा १०० चा आकडा लक्षात ठेवा, कारण बहुतेक निदान त्यावरून होतं. गिगाबिटला चारही जोड्या लागतात, १०० एमबीपीएसला दोनच (तारा १, २, ३, ६). निळी किंवा तपकिरी जोडी कुठे तुटली की जोडणी बंद पडत नाही, मुकाट्याने १०० वर येते. म्हणून काम झाल्यावर प्रत्येक कॉम्प्युटरवर विंडोजच्या नेटवर्क सेटिंगमध्ये लिंक स्पीड १०००/१००० आहे का बघा आणि २ जीबीची एक फाइल टॅलीच्या मशीनवर कॉपी करा. दोन्हीकडे एसएसडी असेल तर गिगाबिटवर वीस सेकंदांच्या आसपास लागतात. १०० वर तीन मिनिटं. १०० दिसलं तर आधी पॅच कॉर्ड बदला, मग आय-ओ पुन्हा पंच करा. हजेरीच्या मशीनला आणि कॅमेऱ्यांना मुळातच १०० चं पोर्ट असतं, तिथे घाबरू नका.

स्विच २४ पोर्टचा गिगाबिट घ्या. आज १४ पोर्ट भरतील: आठ कॉम्प्युटर, दोन प्रिंटर, राउटर, कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर, शेडची लाइन, पीओई स्विचची (नेटवर्कच्या केबलवरूनच वीज देणाऱ्या स्विचची) लाइन. १६ चा घेतला तर वर्षात अपुरा पडतो. चार कॅमेरे आणि ॲक्सेस पॉइंटसाठी वेगळा आठ पोर्टचा पीओई स्विच. त्याचे पोर्ट मोजण्याआधी एकूण वॅट वाचा. कॅमेरा दिवसा तीन-चार वॅट खातो, रात्री इन्फ्रारेड दिवे लागले की सातपर्यंत जातो. ॲक्सेस पॉइंट बारा धरा. चाळीस वॅट झाले, तर साठ वॅटच्या वरचा स्विच हवा. कॅमेरे दिवसभर नीट आणि संध्याकाळी सातनंतर एकेक करून रिस्टार्ट होत असतील तर कारण वॅटचं, नाहीतर मुलाम्याच्या केबलचं.

शेडची लाइन हा तुमच्या प्रश्नातला सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे. अंतर चाळीस-पन्नास मीटर, तांब्याची मर्यादा १०० मीटर, म्हणजे कॅट ६ पोचेल. तरी टाकू नका. शेडचं अर्थिंग आणि ऑफिसचं अर्थिंग वेगळं असतं, त्यांच्यातला फरक नेटवर्कच्या केबलवर येतो. त्यात वेल्डिंग मशीन, सीएनसीचे ड्राइव्ह. आणि एप्रिल-मेमध्ये वळीव आला की वीज जवळपास कुठेही पडली तरी उघड्यावरच्या तांब्याच्या केबलमध्ये झटका तयार होतो. दोन्ही टोकांचे स्विच पोर्ट जळतात, कधी कॉम्प्युटरचा मदरबोर्डही जातो. म्हणून तिथे फायबर, म्हणजे प्रकाशावर चालणारी काचेची केबल. तिला यातलं काहीच बाधत नाही. चार कोअरची (आत काचेचे चार धागे) सिंगल मोड बाहेरची केबल, दोन कोअर वापरात आणि दोन शिल्लक. दोन्ही टोकांना गिगाबिट मीडिया कन्व्हर्टर, म्हणजे फायबर तांब्याच्या केबलला जोडून देणारा डबा. एकाच कोअरवर चालणारे कन्व्हर्टर घेतले तर ते ए आणि बी अशा जोडीनेच लागतात, दोन्ही ए आणले तर लिंकचा दिवा लागतच नाही. दुकानातून निघतानाच डबा उघडून बघा. केबलला आधाराची स्टीलची तार असेल तर ती बाहेरच खांबाला किंवा भिंतीला बांधून तोडा, कन्व्हर्टरच्या डब्यात आणू नका, नाहीतर ज्या कारणासाठी फायबर घेतली तेच मागच्या दाराने आत येतं. जोड मारायला गावातला कोणताही फायबरचं काम करणारा केबलवाला चालतो, त्याच्याकडे स्प्लायसिंगचं मशीन असतं.

शेडमध्ये छोटा स्विच आणि कन्व्हर्टर बंद डब्यात, पंख्याशिवायचा. लोखंडाचा बारीक चुरा वीज वाहतो आणि कूलंटचा धूर सर्किटवर चिकटून बसतो. पंखा हे दोन्ही आत ओढतो.

वीज. रॅकमधलं सगळं मिळून पन्नास-साठ वॅट असतं, कॅमेरे धरून. त्याला स्वतःचा ६०० व्हीएचा यूपीएस द्या, अर्धा-पाऊण तास निघतो. शेडच्या डब्याला वेगळा छोटा. ऑफिसला इन्व्हर्टर असेल तर त्यावरचा खटका ‘यूपीएस मोड’वर आहे का बघा. साध्या मोडमध्ये लाइट गेल्यावर इन्व्हर्टर चालू व्हायला जो क्षण लागतो तेवढ्यात स्विच रिस्टार्ट होतो, कॉम्प्युटर चालू राहतात आणि टॅली मात्र सगळ्यांचं एकदम पडतं. ‘लाइट गेली की टॅली जातं’ या तक्रारीचं कारण बहुधा हेच. वायरमनकडून न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामधलं व्होल्टेज मोजून घ्या. दोन-तीन व्होल्टच्या आत हवं. दहा-पंधरा दिसलं तर नवा स्विच घ्यायच्या आधी अर्थिंगचं काम.

पत्त्यांची (प्रत्येक यंत्राच्या आयपी ॲड्रेसची) मांडणी वहीत आधी लिहा. इंटरनेटवाल्यांचे डबे बहुधा १९२.१६८.१.१ वर असतात, म्हणून आपलं नेटवर्क १९२.१६८.१०.० वर ठेवा, मास्क २५५.२५५.२५५.०. राउटर .१, ॲक्सेस पॉइंट .२, टॅलीचं मशीन .१०, प्रिंटर .२१ आणि .२२, रेकॉर्डर .३०, कॅमेरे .३१ पासून, हजेरी मशीन .४०. बाकी सगळ्यांना राउटरने आपोआप द्यायचे पत्ते .१०० ते .१९९. टॅलीचं मशीन आणि प्रिंटर यांचे पत्ते राउटरमध्येच त्यांच्या मॅक ॲड्रेसवर (यंत्राच्या नेटवर्क कार्डाच्या नंबरावर) राखून ठेवले तर उत्तम. हजेरीच्या बऱ्याच मशीनांचा मूळ पत्ता १९२.१६८.१.२०१ असतो, नेटवर्क बदलण्याआधी मशीनच्या मेनूतून तो बदला, नाहीतर महिनाअखेरीला पगार काढताना मशीन सापडत नाही.

आता यात दोन गोष्टी हमखास बिघडतात. पहिली: कोणीतरी घरून जुना वायफाय राउटर आणतो आणि त्याच्या लॅन पोर्टमध्ये केबल घालतो. तो राउटरही पत्ते वाटायला लागतो, आणि अर्ध्या कॉम्प्युटरांना १९२.१६८.०.काहीतरी असा भलताच पत्ता मिळतो. त्यांचं टॅली आणि प्रिंट बंद, बाकीच्यांचं सुरू. कोणत्या कॉम्प्युटरचा नंबर लागेल ते रोज बदलतं, म्हणून हा दोष माणसाला वेड लावतो. जुना राउटर वापरायचाच असेल तर त्यातलं डीएचसीपी (आपोआप पत्ते वाटायची सोय) बंद करा, त्याला .३ वगैरे मोकळा पत्ता द्या, मगच लॅन पोर्टला जोडा. दुसरी: साफसफाई करताना सुटलेल्या पॅच कॉर्डचं दुसरं टोक त्याच स्विचमध्ये खोचलं जातं. साध्या स्विचला हे कळत नाही, डेटाचं तेच पाकीट गरगर फिरत राहतं, सगळे दिवे एकदम वेड्यासारखे लुकलुकतात आणि सगळं ऑफिस बंद. थोडे जास्त पैसे घालून लूप ओळखणारा स्मार्ट स्विच घेण्याचं मुख्य कारण हे. कॉम्प्युटरवर १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला तर राउटरपर्यंत पोचच नाही असं समजा आणि केबल तपासा.

प्रिंटरचं ‘ऑफलाइन’ दुखणं बहुतेक वेळा विंडोजने आपणहून शोधून जोडलेल्या डब्ल्यूएसडी पोर्टमुळे असतं. प्रिंटर काढा आणि ‘स्टँडर्ड टीसीपी/आयपी’ पोर्टने, पत्ता हाताने घालून, ९१०० वर पुन्हा जोडा. तरीही ऑफलाइन दाखवला तर त्याच पोर्टच्या सेटिंगमधली एसएनएमपीची खूण काढा.

टॅलीच्या मशीनवर कोणी बसू नये, निदान गाणी आणि पेन ड्राइव्ह तरी तिथे नकोत. नेटवर्क ‘प्रायव्हेट’ ठेवा, स्लीप बंद, नेटवर्क कार्डच्या पॉवर मॅनेजमेंटमधली ‘वीज वाचवण्यासाठी बंद करा’ ही खूण काढा. दुपारच्या जेवणानंतर येणारी एरर बऱ्याचदा एवढ्याने जाते. डेटाचं फोल्डर ‘एव्हरीवन’ला उघडून देऊ नका. त्या मशीनवर प्रत्येकाच्या नावाने पासवर्डसह खातं करा आणि हवं त्यालाच परवानगी. विंडोज ११ प्रोच्या २४एच२ आवृत्तीपासून बिनपासवर्डचं पाहुणं शेअरिंग मुळात बंदच आहे, त्यामुळे जुना जुगाड नव्या कॉम्प्युटरवर चालणारही नाही. विंडोज १० चे मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले, तेव्हा निदान हे एक मशीन तरी ११ वर हवं. साध्या विंडोज प्रोवर एका वेळी २० जोडण्याच मिळतात. तुम्हाला त्या पुरतात. अनेकांनी एकदम काम करायचं तर टॅलीचं लायसन्स गोल्ड लागतं, सिल्व्हर एकाच वापरकर्त्याचं. लायसन्सची सेवा मूळ सेटिंगमध्ये ९९९९ पोर्टवर असते, ती फायरवॉलमध्ये उघडी हवी.

घरून काम करायला म्हणून रिमोट डेस्कटॉपचं ३३८९ पोर्ट राउटरमधून बाहेर उघडून द्यायचं नाही. डेटा कुलूपबंद करून खंडणी मागणारे त्याच दारावर दिवसरात्र टकटक करत असतात. राउटरमधला व्हीपीएन (घरून ऑफिसपर्यंतची सुरक्षित वाट) वापरा; त्यासाठी पब्लिक आयपी (बाहेरून थेट गाठता येणारा पत्ता) लागतो, आणि बऱ्याच फायबर जोडण्यांवर तो मिळत नाही, इंटरनेटवाल्याकडून स्टॅटिक आयपी वेगळा मागावा लागतो. बॅकअप रोज दुसऱ्या मशीनवर, आणि आठवड्याला एका एक्स्टर्नल डिस्कवर, जी काम झाल्यावर काढून कपाटात ठेवायची. सतत जोडलेली डिस्क हल्ल्यात डेटाबरोबरच जाते. युनिट प्रायव्हेट लिमिटेड असेल तर हिशेबाच्या पुस्तकांचा बॅकअप रोज भारतातल्या सर्व्हरवर ठेवणं कंपनी कायद्याच्या नियमांतच आहे, तेव्हा सीएंशी बोलून घ्या.

वायफायबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. इंटरनेटवाल्याच्या डब्यातलं वायफाय बंद करा आणि शक्य असेल तर तो डबा ब्रिज मोडवर (राउटरचं काम न करता नुसती वाट देण्यावर) टाकून जोडणी आपल्या राउटरवर घ्या. ॲक्सेस पॉइंट छताच्या मधोमध. २.४ गिगाहर्ट्झला चॅनल १, ६ किंवा ११ यांपैकीच एक, २० मेगाहर्ट्झ रुंदीवर. डब्ल्यूपीएस (बटण दाबून वायफाय जोडायची सोय) बंद, पाहुण्यांचं नेटवर्क वेगळं आणि त्यातून ऑफिसचे कॉम्प्युटर दिसणार नाहीत असं. पेठांतल्या जुन्या दगडी वाड्यांत ऑफिस असेल तर ५ गिगाहर्ट्झ एका भिंतीपलीकडे जात नाही. तिथे खोलीगणिक ॲक्सेस पॉइंट आणि प्रत्येकाला वायर.

बदलाबदली साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी करा. केबल आणि पॅच पॅनल आधीच्या आठवड्यात चालू कामातच होतं, त्याने कोणाचं अडत नाही. सुट्टीच्या दिवशी फक्त राउटर, पत्ते, प्रिंटर आणि टॅलीचा डेटा पाथ बदलायचा, आणि त्याआधी बॅकअप. संध्याकाळी टॅलीच्या मशीनवरून राउटर, शेडचा कॉम्प्युटर आणि हजेरी मशीन यांना सतत पिंग (यंत्राचं उत्तर येतं का बघणारी कमांड) लावून ठेवा, सकाळी बघा. उत्तर एक-दोन मिलिसेकंदांत हवं आणि ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’ एकदाही नको. शेडचंच तुटलं असेल तर रात्री लाइट गेली होती का विचारा आणि तिथला यूपीएस बघा. पॅच पॅनलचा नंबर, टेबल आणि पत्ता यांची यादी छापून रॅकच्या दाराला आतून चिकटवा; राउटरचा पासवर्ड त्यावर लिहू नका, तो मालकांच्या वहीत.